एकटीचं घर आणि रविवारची एस.टी.

तुमच्याही गावात असं एखादं घर असेल. फार मोठं नाही, सहा-सात खणांचं. पुढं ओसरी, मागं परडं आणि आत राहणारं माणूस एकच. पोरं पुण्या-मुंबईला, लेकी आपापल्या सासरी. दिवेलागणीला शेजारपाजारच्या घरांतून भाकरी थापल्याचा आवाज येतो आणि या घरात मात्र सगळं गप्प. रस्त्यानं जाताना तुम्ही मनात म्हणत असाल, "कशी राहत असेल बाई एकटी?" तर भगिनींनो, आज त्या घरातलीच बाई तुमच्याशी बोलते आहे.

आमचं गाव वाईपासून तीन कोसांवर. ऊस, हळद आणि थोडी जोंधळ्याची जमीन. घरचे मालक गेले त्याला आता तीन वर्षं होतील. मुलगा चिंचवडला कारखान्यात आहे. दिवसकार्य आटोपल्यावर तो म्हणाला, "आई, रान चुलत्यांना निम्म्या वाट्यानं देऊ, घराला कुलूप लाव आणि चल." मी गेले. सून वाईट निघाली म्हणून परत आले असं मुळीच समजू नका. सून गुणाची आहे, हातात ताट देते. पण तिथं मला काम असं नव्हतंच. सकाळी खुर्चीत बसायचं ते संध्याकाळी उठायचं. चाळीस वर्षं ज्या हातांनी भांगलण केली, ते हात मांडीवर ठेवून बसायची सवय होईना.

वैशाखात शाकारणीच्या निमित्तानं गावी आले. कुलूप काढलं आणि दारातच बसले. वाळवीनं चौकट धरलेली, आढ्याला जाळी, परड्यात गुडघाभर गवत. दोन महिन्यांत घराची ही दशा, तर दोन पावसाळ्यांत काय होईल? मी मुलाला फोन करून सांगितलं, "मला एक वर्ष दे. वर्षभर इथं राहून बघते. नाही जमलं तर तू म्हणशील तसं." तो म्हणाला, "आणि रात्री-अपरात्री काही झालं तर?" त्याचा प्रश्न खरा होता. त्याचं उत्तर माझ्याकडं तेव्हा नव्हतं.

एकटं राहण्यात सगळ्यांत आधी बिघडतं ते जेवण. तुमच्यापैकी जी एकटी असेल तिला हे सांगायला नको. एका माणसासाठी चूल कशाला पेटवायची, म्हणून सकाळचा चहा आणि दुपारचा चुरमुऱ्याचा फाका यावर दिवस जातो. महिन्याभरात माझ्या डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली, तेव्हा शहाणी झाले. आता नेम असा केला आहे : सकाळी दोन भाकरी थापायच्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. कालवण मात्र दोन्ही वेळा ताजं, मग ते नुसतं पिठलं का असेना. आणि ताट वाढून, पाटावर बसून जेवायचं. उभ्यानं, पातेल्यातून खायचं नाही.

दुसरी गोष्ट सड्याची. शेजारच्या घरात एक तरणी सून आहे, मला आत्ती म्हणते. तिला सांगून ठेवलं, "सकाळी सात वाजेपर्यंत माझ्या अंगणात सडा पडलेला दिसला नाही, तर हाक मार." मागच्या दाराची एक किल्लीही तिच्याकडं दिली. ती हसली आणि म्हणाली, "आत्ती, तुमी काय कुटं जाताय?" पण किल्ली तिनं देवळीत नीट ठेवली.

असे दिवस चालले. सोमवार ते शनिवार बरे जायचे. कुणी दूध घालायला येतं, रानात एक फेरी होते, बचत गटाच्या बाया येतात. अवघड जायचा तो रविवार. शेजारी पाहुणे, शाळा बंद, आळी गप्प, आणि आपल्या दाराशी कुणी नाही. अशाच एका रविवारी नातीचा फोन आला. तिनं टी.व्ही.वर 'स्वदेस' नावाचा २००४ सालचा हिंदी सिनेमा पाहिला होता. "आजी, त्यातलं गाव म्हणजे मेणवली, तुमच्या वाईजवळचं. तू पाहिलंस का गं?"

मी म्हणाले, "नाही बाळा." आणि माझं मलाच नवल वाटलं. चाळीस वर्षं नांदले या मुलखात. घर ते रान, रान ते विहीर, बाजाराला वाई, वर्षातून एकदा माहेर. मेणवली वाईपासून कोसभर. मी कधी गेले नव्हते. कुणी नेलं नाही आणि मीही कधी म्हटलं नाही.

पुढच्या रविवारी निघाले. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला एस.टी.चं अर्धं तिकीट झालं आहे, त्याचा उपयोग दवाखाना आणि लग्न-मयत यांपलीकडं कधी केला नव्हता. नेम तीन ठरवले. एक, दिवेलागणीच्या आत घरी. दोन, निघताना शेजारी सांगून जायचं, कुठं आणि कोणत्या गाडीनं. तीन, भाकरी आणि पाणी घरचं. लोक म्हणायचे ते म्हणालेच. "एकटी बाई कुठं हिंडतीय?" पहिल्या दोन रविवारी कानावर आलं. तिसऱ्या रविवारी त्याच बायका विचारायला लागल्या, "आज कुटं?"

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. वाड्याला एकामागून एक सहा चौक, भिंतींवर जुनी चित्रं. नाना १८०० साली वारले, म्हणजे दोनशे वर्षांवर होऊन गेली, तरी लाकूड अजून ताठ उभं आहे. वाड्यामागं कृष्णेचा दगडी घाट आणि मेणेश्वराचं देऊळ. त्या देवळापाशी एका लहानशा दगडी घुमटीत एक थोरली घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहा, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तिथल्या चर्चची ही घंटा. ती इथं शंकराच्या दारी आली आणि गावानं ती तशीच सांभाळली, आकृती खरवडून काढली नाही. मी घाटावर बसून भाकरी खाल्ली. खाली बाया धुणं धूत होत्या. त्यांतल्या एकीनं विचारलं, "कुणाकडं आलाय?" म्हटलं, "कुणाकडं नाही. बघायला आले." ती म्हणाली, "बरं केलंत," आणि वर येऊन शेजारी बसली. अर्धा तास आम्ही हळदीच्या भावाचं बोललो.

घरी आले आणि माझ्याच भिंतींकडं बघवेना. चुलीच्या धुरानं काळ्या झालेल्या. दोनशे वर्षांच्या भिंती नीट राहतात आणि माझ्या पन्नास वर्षांच्या अशा का? दुसऱ्या दिवशी कळीचा चुना आणला. तुम्हांला करायचा असेल तर सांगते. चुन्यावर पाणी ओतू नका, पिंपातल्या पाण्यात चुना थोडा थोडा सोडा. विरताना तो रटारटा उकळतो, म्हणून पोरांना लांब ठेवा आणि डोळ्यांत शिंतोडा जाऊ देऊ नका. रात्रभर मुरला की फडक्यातून गाळा, विरघळवलेला डिंक घाला म्हणजे अंगाला लागत नाही, आणि किंचित नीळ. भिंत आधी झाडून ओली करा. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन हात द्या. रोज एक भिंत, असं मी आठ दिवसांत घर उजळलं. उंचावरचं काम मात्र पुतण्याकडून करून घेतलं.

त्यानंतर रविवारची सवयच लागली. वाईचा ढोल्या गणपती तर नेहमीचा, पण देवळाच्या मागं जाऊन कधी बघितलं नव्हतं. १७६२ साली गणपतराव रास्त्यांनी ते देऊळ बांधलं, तेव्हा मागची भिंत माशासारखी निमुळती ठेवली, म्हणजे कृष्णेचा पूर आला तर पाणी दोन्ही बाजूंनी दुभंगून जावं. इतकी वर्षं पुढून हात जोडले आणि मागचं शहाणपण पाहिलं नाही. धोमला गेले. तिथं कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी आहे. ते कुंड पाण्यानं भरलं की कासव पोहतंय असं वाटत असणार.

पण मनात रुतून बसली ती लिंबची विहीर. कार्तिकात गेले होते. वाईहून साताऱ्याची गाडी धरायची आणि हमरस्त्यावर लिंब फाट्याला उतरून आत जायचं. बारा मोटांची विहीर म्हणतात तिला. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या सालांत वीरूबाई भोसले यांनी ती आमराईच्या पाण्यासाठी बांधवली. खोली सुमारे ११० फूट आणि रुंदी ५० फूट. जिन्यानं खाली उतरलं की दगडी दरवाजा, आणि दोन विहिरींच्या मध्ये, पाण्यावर, चक्क एक लहानसा महाल. वर मोटांच्या जागा ओळीनं कोरलेल्या.

तुमच्यातल्या वयस्क बायांना मोट आठवत असेल. माझ्या वडिलांची मोट होती. बैल धावेवरून खाली पळत, नाडा ताणला जाई, मोट वर येऊन थारोळ्यात ओती आणि पाटाचं पाणी माझ्या पायांवरून जाई. दारं धरायचं काम माझं. एक मोट चालली तरी सगळं शिवार जागं असल्यासारखं वाटे. इथं बारा मोटा एकदम चालत असतील तेव्हा काय आवाज असेल! मी त्या महालात बसून राहिले. तीनशे वर्षांपूर्वी एका बाईनं एवढं पाणी बांधून ठेवलं, आणि मी माझ्या परड्यातला आड नळ आल्यापासून फळ्या टाकून बुजवल्यागत केला होता. त्यात काय काय पडलं होतं ते देव जाणे.

त्या आठवड्यात आड उपसायला दोन गडी लावले. जुन्या आडात विषारी हवा साठते, म्हणून माणूस उतरवण्याआधी कंदील सोडून पाहिला. कंदील विझला तर उतरायचंच नाही. विझला नाही तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोर धरून माणूस हवाच. चार दिवस गाळ निघाला. त्यात मालकांचा हरवलेला तांब्या सापडला. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्याच हातून पडला होता आणि सासूबाईंना मी खोटं सांगितलं होतं. तो चिंचेनं घासला आणि देवापुढं ठेवला. आडाला लोखंडी जाळी बसवली. आता परड्यात मेथी, वांगी, दोडक्याचा वेल आहे. मोरीच्या पाण्यावर केळ आणि कर्दळ. एका माणसाला भाजी खाऊन संपत नाही, म्हणून शेजारी देते. मग शेजारून ताक येतं. एकट्या घराला येणं-जाणं लागतं ते असं.

एवढं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, बाईचं छान चाललं आहे. आता चुकीचंही ऐका.

माघात एका संध्याकाळी आढ्याला जाळं दिसलं. पुतण्याला हाक मारायची सोडून मी स्टूल घेतलं आणि केरसुणी घेऊन चढले. स्टुलाचा पाय हलला आणि मी खाली. पाऊल मुरगळलं, उठता येईना. फोन ओसरीच्या कोनाड्यात, मी माजघरात, पुढच्या दाराला आतून कडी. हाका मारल्या, पण शेजारी टी.व्ही. चालू होता. रात्रभर जमिनीवर पडून राहिले. हाताला आली ती गोधडी ओढली. त्या रात्री मुलाचा प्रश्न आठवत होता आणि तो बरोबर होता असंही वाटत होतं. खोटं कशाला सांगू, मी रडले. मालकांना बोल लावले, आधी गेल्याबद्दल.

सकाळी मागच्या दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला. "आत्ती, सडा दिसंना म्हून आले." ती सून दारात उभी. तोंड पांढरं पडलेलं. दवाखान्यात नेलं, हाड मोडलं नव्हतं. पंधरा दिवस तिनंच डबा आणला. तेव्हापासून फोन कमरेच्या पिशवीत असतो, दिवेलागणीनंतर स्टुलाला हात लावायचा नाही आणि रात्री झोपण्याआधी तिला एक हाक द्यायची. तुम्ही एकट्या असाल तर या तीन गोष्टी आजच करा, माझ्यासारखं पडायची वाट बघू नका.

मुलगा दुसऱ्या दिवशी आला. काही बोलला नाही, पण त्यानं माझं गाठोडं बांधायला घेतलं. मी म्हटलं, "वर्षाला अजून दोन महिने आहेत." तो म्हणाला, "आई, तू रात्रभर जमिनीवर पडली होतीस." यावर मी काय बोलणार? तो परड्यात गेला. आडात वाकून पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला, देवापुढचा तांब्या उचलून पाहिला. संध्याकाळी गाठोडं न घेताच परत गेला. म्हणाला, "पाय बरा झाला की बोलू."

फाल्गुनातल्या एका रविवारी तो मोटारसायकल घेऊन आला. "चल, आज मी नेतो. कुठं जायचं राहिलंय?" मी म्हटलं, "भिलार." पसरणीच्या घाटानं वर गेलो. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, १९२३ साली ते तिथं जन्मले. अर्ध्या घाटात त्यानं गाडी थांबवली. खाली कृष्णेचं खोरं, वाईची घरं, पलीकडं धोम धरणाचं पाणी. आम्ही दोघं आमचं गाव शोधत होतो. सापडलं नाही, उसाच्या हिरव्यात हरवलं होतं. तो बराच वेळ बघत राहिला.

भिलार हे पाचगणीजवळचं स्ट्रॉबेरीचं गाव. ४ मे २०१७ रोजी ते पुस्तकांचं गाव झालं. वेल्स देशात हे-ऑन-वे नावाचं पुस्तकांचं गाव आहे, त्यावरून सरकारनं ही कल्पना घेतली. सुरुवातीला २५ ठिकाणी पुस्तकं ठेवली. एका घरात संतसाहित्य, एकात इतिहास, एकात कविता, एकात पोरांची पुस्तकं. दारावर पाटी असते. कुणीही जावं, बसावं, वाचावं, पैसे पडत नाहीत. आपल्यासारख्याच शेतकऱ्यांची घरं ती. आम्ही एका ओसरीवर टेकलो. घरातली बाई रानातून येऊन पाणी देऊन गेली आणि पुन्हा तोडणीला गेली. मी एक गोष्टींचं पुस्तक उघडलं. सातवीनंतर सलग इतकं वाचलं नव्हतं. मान वर केली तेव्हा दोन तास झाले होते. मुलगाही वाचत होता. इतका गप्प, मोबाईल खिशात ठेवून बसलेला, मी त्याला शाळेत असतानाच शेवटचा पाहिला होता.

उतरताना तो म्हणाला, "आई, चिंचवडला तुला मी रविवारी कुठं नेलं असतं गं?" मी म्हटलं, "तुला रविवार असतो का?" तो हसला. मग आमचा करार झाला. पावसाळ्यात मी गावीच राहायचं, कारण कौल सरकलं, पाणी मुरलं, तर बघायला घरात माणूस लागतं. मार्गशीर्ष-पौष, थंडीचे दोन महिने, गुडघे दुखतात तेव्हा त्याच्याकडं. आणि महिन्यातून एका रविवारी तो नातीला घेऊन इथं येणार, जेवायला नव्हे, फिरायला. शेजारच्या सुनेला त्यानं आपला नंबर दिला आणि तिचा घेतला. ही व्यवस्था कायमची नाही, हे मलाही कळतं. पाय थकतील, एक दिवस कुलूप लागेल. पण ते लागेल तेव्हा भिंती पांढऱ्या असतील आणि आडाला पाणी असेल.

मुलांनो, तुम्ही शहरातून हे वाचत असाल, तर आईला "चल" म्हणण्याआधी एकदा तिच्या घरात आठ दिवस राहून पाहा. आणि भगिनींनो, तुम्ही एकट्या असा की भरल्या घरात असा, तुमच्याही गावापासून तीन-चार कोसांवर काहीतरी आहे. एखादी विहीर, एखादं देऊळ, एखादा घाट. रोज त्या वाटेनं एस.टी. जाते. येत्या रविवारी भाकरी बांधा आणि जा. जाताना शेजारी सांगून जा.

आमची नात येत्या रविवारी येते आहे. ती म्हणते, मला ती घंटा वाजवायची आहे. नऊची गाडी आहे. आठला निघू म्हणजे उभं राहावं लागणार नाही.